मिससाहेबांच्या कण्या

मिससाहेब सकाळचा नाश्ता उभ्याने करीत. ताप असला तरी उभ्यानेच. डाव्या हातात लापशीचा वाडगा, खिडकीच्या कट्ट्यावर थंड दुधाची वाटी आणि उजव्या हातात शिंगाचा चमचा. चमचा आधी लापशीत, मग दुधात, मग तोंडात. दूध आणि लापशी एकत्र कालवलेली त्यांना खपत नसे, आणि लापशीत साखर घालणाऱ्या माणसाबद्दल त्यांचं मत कायमचं वाईट होई. लापशी ढवळायला त्यांनी आपल्या देशातून एक लाकडी काठी आणली होती. आपल्या लाटण्याहून बारीक, वरच्या टोकाला फुलासारखी कोरलेली. ती काठी घड्याळाच्या काट्याप्रमाणेच फिरवायची असा नियम होता. एकदा मी बोलण्याच्या नादात ती उलटी फिरवली, तर त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "तुला कुणाचं वाईट करायचं आहे का?"

नील, परवा तू परदेशातून या आजीला फोन केलास तेव्हा म्हणालास की तिथल्या दुकानात नाश्त्याच्या खोक्यांची अख्खी भिंत आहे आणि त्यात आपल्या ओळखीचं एकही नाही. सगळं गोड. घरच्या चवीचं काहीतरी मिळावं म्हणून तू तीन दुकानं पालथी घातलीस. सई मागून ओरडली की तिला गोडच आवडतं, तेही मी ऐकलं. फोन ठेवला आणि मला मिससाहेब आठवल्या. त्यांच्यावर मी कधी लिहिलं नाही. त्याला कारण आहे, ते पुढे येईलच.

त्यांचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तसंही ते गावात कुणालाच उच्चारता येत नसे. त्या स्कॉटलंडच्या. पोलीस ॲक्शन होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. निजामाचं राज्य गेलं होतं, पण कचेऱ्यांमधून उर्दू अजून गेली नव्हती. अशा दिवसांत त्या परभणीजवळ पिंगळीला आल्या, खेड्यापाड्यांतल्या सुईणींना स्वच्छ बाळंतपण शिकवायला. स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर त्यांना एक सरकारी बंगला मिळाला होता. पुढच्या खोलीत वर्ग भरे. मधल्या खोलीत एकच मोठं टेबल होतं, दफ्तराचं तेच आणि जेवणाचंही तेच. मागे अंगण, अंगणात चूल.

मी त्यांची दुभाषी आणि लेखनिक. वय एकवीस. हैदराबादला काकांकडे राहून इंटरपर्यंत शिकले होते आणि इंग्रजी बोलायला घाबरत नव्हते. तेवढ्या भांडवलावर मला ती नोकरी मिळाली. माझे वडील परभणीत वकिली करीत. मुलीने आठवडाभर परगावी राहावं हे त्यांना पसंत नव्हतं, पण मिससाहेबांना एकदा भेटून आले आणि गप्प झाले. घरी आल्यावर आईला एवढंच म्हणाले की त्या बाईच्या घरात डाससुद्धा परवानगी घेऊन येत असेल. मी सोमवारी पॅसेंजरने पिंगळीला जाई आणि शनिवारी परत येई.

मिससाहेब जवळजवळ सहा फूट उंच, हडकुळ्या, आणि उन्हाने चेहरा कायमचा विटकरी झालेला. डोक्यावर पुरुषी हॅट. पायांत गुडघ्यापर्यंत लोकरी मोजे, मे महिन्यातही. आल्यागेल्याला त्या नमस्कार करीत नसत. "हात दाखवा," म्हणत. मी भाषांतर करायची. समोरच्याने दोन्ही हात पुढे केले की त्या नखं बघत, बोटांच्या बेचक्या बघत, आणि मगच बोलायला सुरुवात करीत. सुईणींना त्याची सवय झाली, पण बाकीच्यांचे फार हाल होत. तहसीलदारसाहेब पहिल्यांदा भेटायला आले तेव्हा त्यांना वाटलं, बाई हस्तरेषा बघतात. त्यांनी उजवा तळहात पुढे केला आणि बढती कधी आहे ते हळूच विचारलं. मिससाहेबांनी हात उलटा केला, नखं बघितली आणि म्हणाल्या, "आधी कापा."

मला त्या आवडत होत्या असं म्हणणं कमी होईल. मला त्या हव्या होत्या. सकाळी त्या खिडकीशी उभ्या राहून खात तेव्हा टेबलाशी खुर्चीवर मी बसलेली असे. ती अर्ध्या तासाची वेळ माझी होती. त्या वेळी त्या कामाचं बोलत नसत. त्यांचं समुद्राकाठचं गाव, धाकटी बहीण, पावसात भिजलेल्या मेंढ्यांचा वास, असं काहीबाही सांगत. त्यांच्याकडून मी इंग्रजी शब्दांचे खरे उच्चार शिकले, आणि मनातल्या मनात त्या गावातल्या गल्ल्यांतून हिंडले. साऱ्या परभणी जिल्ह्यात त्यांचं बोलणं समजणारी मी एकटी, ही गोष्ट मला रोज नव्याने सुखावत असे.

एक गोष्ट मात्र मला जन्मात जमली नाही. मिससाहेबांच्या गावाकडे उरलेली लापशी फेकत नसत. ती लाकडी खणात ओतायची, रात्रभर थिजू द्यायची आणि सकाळी वड्या कापून कामावर बरोबर न्यायच्या. इथे खण एकच होता, टेबलाचा. त्यात मी हजेरीपट अगदी क्रमाने लावलेले असत. एके दिवशी त्यांनी ते शिस्तीत बाहेर काढले, खण धुतला, मेणकापड घातलं आणि लापशी ओतली. नेमके त्याच दुपारी हैदराबादहून तपासनीस आले. शेरवानी, जाड चष्मा. त्यांनी हजेरीपट मागायच्या आधीच सवयीने खण ओढला आणि चार बोटं आत घातली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. साहेबांनी बोटं बाहेर काढली, त्यांच्याकडे पाहिलं, आणि शांतपणे मला विचारलं, "बेटी, ये दफ्तर है के बावर्चीखाना?"

मी भाषांतर केलं. मिससाहेब म्हणाल्या, दोन्ही. आणि त्यांना हात दाखवायला सांग. साहेब हसले. त्यांनी हात धुतले, चमचाभर लापशी खाल्लीसुद्धा. जाताना शेऱ्यांच्या वहीत उर्दूत एक ओळ लिहून गेले: दफ्तर साफ आहे, पण ओलं आहे.

ही लापशी ओट नावाच्या धान्याची. मिससाहेबांनी बरोबर आणलेले डबे वर्षभरात संपले. शेवटच्या डब्याच्या वेळी त्या वाडग्यात रोज एक मूठ कमी टाकत आणि मला दिसू नये म्हणून पाठ करून खात. संपल्यावर त्या पावाला लोणी लावून खाऊ लागल्या, तेही बसून. त्यांना बसून खाताना पाहणं मला सहन होईना. मी ठरवलं, मिससाहेबांची सकाळ मी परत आणीन. हे काम दुसऱ्या कुणाला जमण्यासारखं नाही असं मला वाटत होतं.

सिकंदराबादच्या छावणीत गोऱ्या लोकांसाठी असलेल्या एका दुकानाला मी पत्र घातलं. दोन महिन्यांनी डबा आला. पलटणी निघून गेल्यावर तो कुठे पडून होता कोण जाणे. उघडला तर आत ओटपेक्षा किडेच जास्त. मग मी शब्दकोश काढला. ओट म्हणजे जई. जई घोड्यांना घालतात हे मला माहीत होतं, पण धान्य ते धान्य, असा विचार करून मी वडिलांच्या ओळखीने परभणीतल्या पोलिसांच्या तबेल्यातून पायलीभर जई मागवली. गिरणीतून जाडसर काढून आणली. जईला चिवट टरफल असतं आणि ते आधी काढावं लागतं, हे कुठल्याच कोशात नव्हतं.

मिससाहेबांनी वाडगा हातात घेतला, खिडकीशी उभ्या राहिल्या आणि खाऊ लागल्या. एरवी दहा मिनिटांत संपणारी लापशी त्या पाऊण तास चावत होत्या. मधूनमधून रुमाल तोंडाशी नेत. वाडगा रिकामा केला, रुमालाची घडी घातली आणि म्हणाल्या, "घोड्यांबद्दलचा माझा आदर वाढला." मला रडू आलं. पण ते सगळं त्यांनी माझ्यासाठी खाल्लं होतं, हेही मला कळत होतं. आत कुठेतरी मी खूश होते.

हे सगळं दाराशी बसून गयाबाई बघत होती.

गयाबाई पिंगळीचीच सुईण. पन्नाशी उलटलेली, विधवा, चार एकर कोरडवाहू, घरात चार सुना. दातांना मिश्री लावून लावून हिरड्या काळ्या झालेल्या. वर्गात सगळ्यात आधी यायची आणि सगळ्यात जास्त बोलायची. ती मला म्हणाली, "घोड्याला उपाशी ठिवून बाईला चारायलीस व्हय, ताई?"

मी या वाक्याचं भाषांतर केलं नाही. पण मिससाहेबांना हसू आलं. त्यांना कसं कळलं, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी गयाबाई वर्गाच्या तासभर आधी आली, पदराखाली जर्मनचं पातेलं घेऊन. तिने ते अंगणातल्या चुलीवर ठेवलं. आत ज्वारीच्या कण्या होत्या. तुम्हाला कण्या माहीत नाहीत म्हणून सांगते. ज्वारीला पाण्याचा हात लावून ती उखळात कांडायची, कोंडा पाखडून काढायचा, मग जात्यावर जाडसर भरडायची, पीठ चाळून टाकायचं. खाली राहतात त्या कण्या. मीठ घातलेल्या पाण्यात मंद आचेवर तासभर शिजवायच्या आणि ताकाशी किंवा दुधाशी खायच्या. आमच्या घरी कण्या होत नसत. कण्या म्हणजे शेतावरच्या गड्यांचं खाणं, असं आई म्हणे. मिससाहेबांपुढे असलं काही ठेवायचं माझ्या स्वप्नातही आलं नसतं.

मिससाहेब वासाने अंगणात आल्या. पातेल्यात डोकावल्या. आत जाऊन आपली काठी घेऊन आल्या आणि ढवळू लागल्या. मग वाडगा भरून घेतला, दुधाची वाटी तुळशीच्या कट्ट्यावर ठेवली आणि उभ्यानेच पहिला चमचा तोंडात घातला. डोळे मिटले. मी पुढे झाले, मला वाटलं आता भाषांतर लागेल. त्या काही बोलल्याच नाहीत. संपूर्ण वाडगा खाल्ला आणि शेवटी वाडग्यात बोट फिरवून चाटलं. दीड वर्षात मी त्यांना असं करताना पाहिलं नव्हतं.

त्या दिवसापासून मिससाहेबांची सकाळ अंगणात गेली. गयाबाई चुलीपाशी बसे, मिससाहेब शेजारी उभ्या. मी टेबलाशी माझ्या खुर्चीवर बसून हजेरीपट लावी आणि कान अंगणाकडे ठेवी. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, आणि त्यांचं काही अडतही नव्हतं. गयाबाई तिच्या सुनांची गाऱ्हाणी सांगायची, मिससाहेब आपल्या बहिणीचं काहीतरी सांगायच्या, आणि दोघी एकाच वेळी हसायच्या. मी दोनदा बाहेर जाऊन विचारलं, काही सांगायचं आहे का? मिससाहेब म्हणाल्या, नको, तुझं काम चालू दे.

त्यांना मराठी मी शिकवत होते. वहीत रकाने आखून, कर्ता, कर्म, क्रियापद. "आपण कशा आहात?" एवढं त्यांना छान येऊ लागलं होतं. एके सकाळी आत आल्या आणि मला म्हणाल्या, "कसं हाय, बाय? लय थंडी हाय न्हाई?" उच्चार एकदम शुद्ध. माझी वही मिटली गेली ती मिटलीच.

टेबलाच्या खणातल्या वड्याही आता कण्यांच्या. दौऱ्यावर जाताना त्यातली एक त्या गयाबाईला देत. मला कधी दिली नाही, कारण मी पहिल्याच दिवशी नको म्हटलं होतं. त्यानंतर दर वेळी वाटे, पुन्हा विचारतील. पुन्हा कुणी विचारलं नाही.

आता मी जे केलं ते लिहिते. थंडीचे दिवस होते, शेतांत कापूस फुटला होता. गयाबाई पातेलं घेऊन आली तेव्हा मिससाहेब अजून आत होत्या. मी तिला फाटकाशीच गाठलं.

"गयाबाई," मी म्हटलं, "मिससाहेबांना कण्या बाधतात. पोटात दुखतं. तुम्हाला सांगायला त्यांना जड वाटतं, म्हणून मला सांगायला लावलं. उद्यापासून आणू नका."

तिने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग "बरं ताई," म्हणाली आणि पातेलं तसंच पदराखाली घेऊन परत गेली.

वर्गाला ती येत राहिली, पण मागच्या रांगेत बसे आणि संपताच निघे. तिसऱ्या दिवशी मिससाहेबांनी वर्गातच मला सांगितलं, गयाला विचार, ती कण्या का आणत नाही, माझं काही चुकलं का? सगळ्या बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी गयाबाईकडे वळून म्हणाले, "मिससाहेब विचारतात, तुमच्याकडे कापसाची वेचणी सुरू झाली का?"

"झाली की," गयाबाई म्हणाली.

मी मिससाहेबांना सांगितलं, ती म्हणते वेचणी चालू आहे, सकाळी वेळ होत नाही.

नऊ सकाळी मला मिळाल्या. मिससाहेब टेबलाशी माझ्यासमोर बसून पाव खात. मी त्यांच्या गावाचं विचारी, बहिणीचं विचारी. त्या उत्तरं देत, पण मला सगळं माहीत असलेलंच पुन्हा सांगत, आणि बोलता बोलता अंगणाच्या दाराकडे बघत. एकदा त्यांनी मला बहिणीच्याऐवजी गयाबाईच्या थोरल्या सुनेची गोष्ट सांगितली. त्या सुनेचं नाव मला ठाऊक नव्हतं. त्यांना होतं.

दहाव्या सकाळी त्या पाव न खाता उठल्या, वाडगा आणि शिंगाचा चमचा घेतला, हॅट घातली आणि गावाकडे चालू लागल्या. मी चप्पल घालून मागे धावले. त्या वळल्या आणि म्हणाल्या, "तू नको. आज भाषांतर नको आहे."

मी फाटकाशी उभी राहिले. हातात वाडगा घेतलेली सहा फुटी गोरी बाई रूळ ओलांडून गावात शिरताना दिसली. मागे कुत्री लागली होती. त्या दोघींमध्ये काय झालं, किंवा मुळात काय होऊ शकलं, ते मला कळायला मार्ग नव्हता. त्या दोन तासांनी आल्या. वाडगा रिकामा होता. मी दारातच होते. मला वाटलं आता बोलतील, नोकरीवरून काढतील, वडिलांना पत्र लिहितील. त्या माझ्यासमोर थांबल्या.

"हात दाखव," म्हणाल्या.

मी दोन्ही हात पुढे केले. त्यांनी ते आपल्या हातांत घेऊन नखं बघितली, बेचक्या बघितल्या, उलटे करून तळवे बघितले. नेहमीपेक्षा जास्त वेळ.

"स्वच्छ आहेत," म्हणाल्या, आणि आत निघून गेल्या.

एवढीच शिक्षा झाली. त्यानंतर त्या विषयावर एक शब्द नाही. गयाबाई दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पातेलं घेऊन येऊ लागली, मला पाहून पूर्वीसारखीच हसू लागली, आणि मी रकाने आखू लागले.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला तेव्हा हैदराबाद सरकारने केलेल्या जुन्या नेमणुका संपल्या. त्यात मिससाहेबांचीही होती. पिंगळी स्टेशनवर चाळीसेक सुईणी जमल्या होत्या. गाडी यायच्या आधी मिससाहेबांनी सगळ्यांचे हात पाहिले. मग मला एक लिफाफा दिला. त्यात प्रशस्तिपत्र होतं, सुंदर अक्षरात लिहिलेलं: काम अत्यंत व्यवस्थित. मी ते वाचत असताना त्यांनी पिशवीतून ती कोरीव काठी काढली आणि गयाबाईच्या हातात दिली.

गाडी गेली. गयाबाई ती काठी छातीशी धरून रडत होती. मी रडले नाही. मला ती काठी हवी होती, आणि ते प्रशस्तिपत्र तिला मिळालं असतं तरी चाललं असतं. ती तरी काय, ते वाचणार नव्हती.

दोनेक वर्षांनी मिससाहेबांचं पत्र आलं. माझं लग्न झालं होतं, मी परभणीतच होते, तुमच्या आजोबांच्या शाळेजवळ. पाकिटावर माझं नाव होतं म्हणून मी किती आनंदाने उघडलं. आत पहिल्याच ओळीत होतं: हे पत्र गयाला वाचून दाखव.

त्यांनी लिहिलं होतं की इथे दुकानात आता ओटचे डबेच डबे आहेत, आणि त्यातला एकही मला नको आहे. इतकी वर्षं ज्याच्यासाठी तळमळले ते समोर आहे आणि सकाळी उठल्यावर मला ज्वारी आठवते. शहरात जाऊन पाच दुकानं शोधली. एका दुकानदाराने ज्वारी म्हणून पिंजऱ्यातल्या पक्ष्यांना घालायच्या दाण्यांचं पाकीट पुढे केलं. ते भरडून शिजवलं. बहीण म्हणाली, आता तू शीळ घालायला लागशील. गयाला सांग, जमलं तर थोड्या कण्या पाठव.

तीन पानांच्या पत्रात माझ्याबद्दल एक वाक्य होतं. तू व्यवस्थित असशीलच, असं.

ते पत्र मी आठ दिवस ठेवून घेतलं. वाचून दाखवलं नाही तर कुणाला कळणार होतं? नवव्या दिवशी पॅसेंजरने पिंगळीला गेले. गयाबाई ओसरीवर ज्वारी पाखडत होती. ती आतल्या भिंतीकडे बघ म्हणाली. तिथे खुंटीला ती काठी टांगलेली होती, तिला हळदकुंकू लावलेलं. मी पत्र वाचलं, एकही शब्द न गाळता. आणि वाचून झाल्यावर, आधी ठरवलं नव्हतं तरी, ते फाटकाशी सांगितलेलं खोटं मी कबूल केलं.

तिचं पाखडणं थांबलं नाही.

"ठाव हाय मला," ती म्हणाली. "बाधलेलं कुनी बोट फिरवून चाटतं व्हय? अन् त्या दिशी वर्गात मिससाब बोलली त्यात 'कन्या' आलं व्हतं, म्या ऐकलं की. तू येचणीचं इचारलंस."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुजं तोंड बघितलं. पोटात आग पडल्यावानी दिसायलं व्हतं. म्हनलं, लेकरू हाय, चार दिस खाऊ दे तिच्या मिससाबसंगं. मला काय, घरी चार सुना हायत बोलायला."

"मिससाहेबांना सांगितलंत?"

"ती घरी आली तवा 'ताई?' एवढंच इचारली. म्या गप ऱ्हायले."

मुलांनो, तिने मला शिव्या दिल्या असत्या तर मी हलकी झाले असते. त्या नऊ सकाळी मी चोरल्या होत्या. चोरीचा का होईना, माझा असा तेवढाच एक ठेवा होता. तोही तिने दिलेला निघाला.

गयाबाईने सुपातली अर्धी ज्वारी माझ्यापुढे सरकवली. "निम्म्या तू कर," म्हणाली. "नुसतं लिवून धाडायलीस व्हय?" मी जन्मात पहिल्यांदा मुसळ हातात धरलं. संध्याकाळच्या गाडीपर्यंत दोन्ही तळव्यांना फोड आले. तिच्या कण्या मोहरीसारख्या एकसारख्या. माझ्यात काही अख्खे दाणे, काही पीठ. मी मांजरपाटाच्या दोन पिशव्या शिवल्या आणि सवयीने त्यांवर आकडे घातले. एक म्हणजे तिची, दोन म्हणजे माझी. पत्रात मात्र तसं काही लिहिलं नाही. पार्सल बोटीने गेलं.

सहा महिन्यांनी उत्तर आलं. एक नंबरच्या पिशवीबद्दल पाऊण पान होतं. दोन नंबरबद्दल लिहिलं होतं: ही कुणीतरी रागावून कांडली आहे, हे गयाचं काम नाही. आणि खाली एक ओळ: दोन नंबरची मी आधी संपवली.

का, ते लिहिलं नव्हतं. मी त्या ओळीवर पन्नासहून जास्त वर्षं विचार केला आहे. कधी मला वाटतं, त्यांना कळलं होतं की हात कुणाचे आहेत. कधी वाटतं, तसं नसेलही.

ते पत्र मी गयाबाईला वाचून दाखवलं नाही. दाखवलं असतं तर तिने एका क्षणात सांगितलं असतं की वाईट असतं ते माणूस आधी संपवतं आणि चांगलं मागे ठेवतं. मला ते ऐकायचं नव्हतं. ती गेली त्यालाही आता खूप वर्षं झाली. पत्र माझ्या फायलीत आहे, योग्य जागी.

नील, सई, काल मी तुम्हाला कण्या पाठवल्या आहेत. ज्वारी मीच निवडली, मीच भरडली. हात दुखतात म्हणून तीन दिवस लागले. साखर घालू नका. सईने उभ्याने खाल्ल्या तरी चालेल. पिशवी या वेळी एकच आहे आणि तिच्यावर आकडा नाही. कशा झाल्या ते कळवा. लगेच संपवल्यात की पुरवून पुरवून खाल्ल्यात, तेही कळवा, आणि का, ते स्पष्ट लिहा.